कुत्र्याने तोंड फिरवलं

नोकरीत पकडलेले कितीतरी चोर मी विसरून गेलो, पण केशोरीच्या पुढच्या जंगलपट्टीतलं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. इंग्रजी अंमल होता, हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता आणि मी तिथल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

धानाची मळणी चालू होती. सकाळची हजेरी घेऊन मी टेबलाशी बसतो न बसतो तोच एका गावचा कोतवाल धापा टाकत आला. आदल्या दुपारी सारा गाव खळ्यावर असताना एका म्हाताऱ्या गोंड शेतकऱ्याच्या डोक्यात कुणीतरी लाकूड घातलं होतं. म्हाताऱ्याला बेशुद्धीतच बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या वारलेल्या बायकोचे चांदीचे दागिने, लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले, तेही गायब झाले होते.

"पण चोर सापडला साहेब," कोतवाल खुशीत म्हणाला. "म्हाताऱ्याच्या कुत्र्यानंच दाखवला."

त्या गावात एक जुनी समजूत होती. धन्याचा घात करणाऱ्याचं तोंड कुत्रा पाहत नाही म्हणे. म्हणून पाटलाने संशयितांना ओळीने उभं केलं आणि म्हाताऱ्याचा भुरा कुत्रा दोरी लावून त्यांच्यापुढून फिरवला. कुत्र्याने तोंड फिरवलं ते घरच्याच लमसेन्यापुढे. लमसेना म्हणजे होणारा जावई. ज्या मुलीशी लग्न ठरलं, तिच्या बापाच्या शेतात काही वर्षं राबून द्यायचं आणि मगच मांडवात उभं राहायचं, असा गोंडांचा रिवाज.

मी हवालदाराला घेऊन गावात पोहोचलो. लमसेना मोहाच्या झाडाला बांधलेला. ओठ फुटलेला, डोळा सुजलेला. म्हाताऱ्याची लेक माझी सायकल अडवून उभी राहिली. रडत नव्हती, भांडत होती.

"साहेब, त्यानं कायले मारावं माह्या बाबाले? दोन सालं झाली, तो आमच्या शेतात राबून राहिला. आता त्याले जेलात टाकता?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. दागिने तिच्याच अंगावर येणार आणि ती त्याच्याच घरी जाणार. मग चोरी कुणाची करायची? पण गाव पेटलं होतं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याच्या वाट्याला जेल होती आणि लग्न तर मोडल्यातच जमा होतं.

"साहेब, तुमी सोताच पाहा," पाटील म्हणाला आणि त्याने पुन्हा कुत्रा आणवला.

ओळीत झाडाला बांधलेलाच लमसेना होता, दोन शेजारी होते आणि म्हाताऱ्याचा एक चुलतभाऊ होता. माणसं ओरडत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं. बांधलेल्या लमसेन्यापुढे येताच कुत्र्याने नाकावरून जीभ फिरवली, भलीमोठी जांभई दिली, मान बाजूला वळवली आणि जमीन हुंगायला लागला.

"पाहा! पाहा! तोंड फिरवलं!" गर्दीत एकच गिल्ला झाला.

चुलतभावापुढे मात्र कुत्र्याने शेपटी उभारून हलवली. "घरचा कुत्रा हाये जी, मले ओळखते," तो हसत म्हणाला. "शेपटी हालवून राहिला, पाहा."

आता माझ्या घरचं एक सांगायला हवं. ठाण्यामागच्या क्वार्टरवर आमचाही एक कुत्रा होता. मी अंगणात शिपायांवर ओरडायला लागलो की हा शहाणा माझ्यापुढे बसून जांभया द्यायचा. माझं डोकं सणकायचं. एकदा बायको म्हणाली, "अहो, त्याला झोप नाही आलेली. तुमचा आवाज चढला की घाबरतो तो. पुरे करा, भांडू नका, असं सांगतो बिचारा." मी लक्ष ठेवून पाहिलं, तर बाई अगदी खरं बोलत होती. मी नुसतं डोळे रोखून पाहिलं तरी तो मान वळवायचा, नाक चाटायचा, जमीन हुंगायचा. मी शांत झालो की लगेच लाडात यायचा.

म्हणजे हा भुरा कुत्रा लमसेन्यावर आरोप करतच नव्हता! आपला माणूस बांधलेला, रक्ताळलेला, भोवती आरडाओरडा. तो आपल्या परीने सगळ्यांना शांत व्हा म्हणत होता. आणि हे शहाणे त्याच्या विनवणीवर एका पोराला जेलात पाठवायला निघाले होते.

मी आवाज चढवला. "पाटील, गर्दी हटवा! एकही माणूस इथे दिसला तर आत टाकीन. दोर सोडा या पोराचा."

लमसेन्याला मी जमिनीवर बसवलं, कुत्र्याकडे पाठ करून. कुत्र्याचीही दोरी काढली. तो सरळ आला नाही. मोठा वळसा घेऊन, इकडेतिकडे हुंगत, सैल अंगाने आला आणि लमसेन्याच्या पाठीला पाठ लावून बसला. शेपटीने नुसती धूळ झाडत होता.

मग चुलतभावाला बोलावलं. काय सांगू! क्षणात कुत्र्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं. तोंड मिटलं, मानेवरचे केस उभे राहिले, शेपटी सरळ वर, आणि हलत होतं ते फक्त तिचं टोक. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूष, असं समजणाऱ्याने एकदा चावून घ्यावं, म्हणजे कळेल. चुलतभाऊ पुढे यायला तयार नव्हता आणि डावा पाय मागे लपवत होता. पोटरीला चिंधी बांधलेली.

कुत्र्याची साक्ष कोर्टात चालत नाही, पण पोटरीची चालते. मी त्याला चावडीत नेलं.

"पायाला काय झालं?"

"काटा गेला जी. काल धान कापताना."

"काल? तुमच्या गावची कापणी आटोपून मळणी सुरू झाली की रे!"

हवालदाराने चिंधी सोडली. दोन वर, दोन खाली, सुळ्यांचे ताजे व्रण.

"अरे वा," मी म्हटलं. "काटे जोडीजोडीने आले होते वाटतं?"

त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि पंचांसमोर बोलता झाला. स्वतःच्याच तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगातून त्याने दागिन्यांचं गाठोडं काढून दिलं. मी तिथेच जप्तीचा पंचनामा केला आणि त्याच्या हातात बेड्या घातल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरने व्रण कुत्र्याच्या दातांचे असल्याचा दाखला दिला. पुढे म्हातारा शुद्धीवर आला आणि त्यानेही त्याचंच नाव घेतलं. कोर्टात केस एका दमात उभी राहिली. त्या दिवशी मी मिशीला पीळ दिला, खोटं कशाला सांगू?

या प्रकरणाने मला नोकरीभर पुरेल असं शिकवलं. पोलिसापुढे मान खाली घालणारा, ओठ चाटणारा, नजर चुकवणारा माणूस आम्ही सरसकट गुन्हेगार धरतो. पुष्कळदा तो नुसता भ्यालेला असतो. पुढे मी आधी दोर सोडायला लावायचो, पाणी द्यायचो, खुर्ची थोडी तिरकी करून बसायचो आणि मगच विचारायला सुरुवात करायचो. निर्दोष माणूस सैल व्हायचा. दोषी माणूस बहुधा तेव्हाच ताठ व्हायचा.

म्हातारा बरा होऊन गावी परतला, तेव्हा मी मुद्दाम गेलो. डोक्याला फडकं बांधून तो त्याच मोहाखाली उभा राहिला आणि त्याने सारा गाव गोळा केला.

"पाटील, याले सर्वांदेखत बांधला होता ना?" तो लमसेन्याचा हात धरून म्हणाला. "आता सर्वांदेखत आयका. याची चाकरी आज संपली. हा माहा जावई हाये."