टोप्या परत घेण्याबाबत

मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना सगळे ‘राजे’ म्हणतात. ते एका कंपनीत डायरेक्टर आहेत, पण हे नाव त्यांना त्या हुद्द्यामुळे मिळालेलं नाही. त्यांचे पणजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानाचे अधिपती होते. संस्थान एवढंसं, की घोडा जरा जोरात सोडला तर तो दुसऱ्याच्या राज्यात जाऊन थांबायचा. कुणी ‘राजे’ म्हणून हाक मारली की ते ‘अहो, काय हे’ असं म्हणतात, पण हाक ऐकू आली नाही असं आजवर झालेलं नाही.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. वडिलांकडे जमिनीचा एक मोडी लिपीतला कागद होता. तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून लॉकडाऊनमध्ये मी पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन मोडी शिकले. हे मंडळात कळलं तेव्हा राजेंनी मला देवळाच्या पार्किंगमध्ये गाठलं.

“ताई, आमच्याकडे एक ट्रंकभर कागद आहेत. पणजोबांच्या वेळचे. ब्रिटिशांची पत्रं इंग्रजीत आहेत, ती मी वाचतो. पण त्यांना पणजोबांनी काय उत्तरं दिली त्याचे कच्चे खर्डे मोडीत आहेत. मला मंडळात टॉक द्यायचाय.”

त्यांनी संस्थानाचं नाव सांगितलं आणि मला हसू आलं. म्हटलं, “आमचं मूळ गाव तुमच्याच संस्थानातलं.”

राजेंचा चेहरा खुलला. “म्हणजे तुम्ही आमची प्रजाच की. गावात कुठे राहायचे तुमचे लोक?”

“गावाबाहेर.”

ते काय ते समजले. हातातली गाडीची किल्ली त्यांनी उगीचच दोनदा दाबली, दोनदा गाडी बोलली. मग म्हणाले, “आता काय, आपण सगळे मिनेसोटाचे.”

त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले. वहिनी उपमा करायच्या. डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरून आम्ही कागद उलगडायचो. त्यांची मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते. ती शनिवारी घरी असायची आणि मी वाचेन ते लॅपटॉपवर टाइप करायची. मराठी तिला कळतं, बोलते मात्र आपल्या सोयीनं.

भिंतीवर एजंटसाहेबाचं एक पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. एजंट म्हणजे संस्थानांवर नजर ठेवायला इंग्रजांनी नेमलेला अधिकारी. पत्राच्या शेवटी साहेबानं स्वतःला महाराजांचा जिवलग मित्र म्हटलं होतं, आणि राजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओळ दाखवत. बाकीची पत्रं नीट वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की साहेब जितका चिडलेला, तितकी मैत्री दाट. जिवलग मित्र म्हणजे आता गादीवरून खाली ओढायचंच तेवढं बाकी होतं.

चिडायला कारण होतं. संस्थानात तुरुंग होता पण त्यात कोण आहे आणि का आहे याची नोंद कुठेच नव्हती. न्यायनिवाडा महाराज स्वतः करत, आणि शिकारीचे दिवस असले की करत नसत. लोकांना वेठीला धरून फुकट राबवलं जाई. शाळा एक, तीही वाड्याच्या आवारात, वाड्यातल्या मुलांसाठी. एजंटानं लिहिलं की कारभार सुधारा. तुरुंगाची वही ठेवा, वेठ बंद करा, सगळ्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढा.

साहेबाला आमच्या लोकांचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही. थेट इंग्रजांच्या अमलाखालच्या मुलखातही आमची माणसं गावाबाहेरच राहत होती. त्याला वर अहवाल पाठवायचा होता आणि त्यात प्रगती दिसायला हवी होती, एवढंच.

महाराजांचं उत्तर मोडीत होतं. साहेबांची इच्छा हाच आमचा आनंद, असं सुरुवातीला. मग दीड पान मैत्रीबद्दल. आणि शेवटी, साहेबांच्या दरबारात आम्हाला दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळते, ती पहिल्या रांगेत मिळावी.

“सुधारणांचं काय?” राजेंनी विचारलं.

“त्यासाठी कमिटी नेमलीय.”

“बघा. किती मॉडर्न विचार.”

“कमिटीत महाराजांचे मामा, मेहुणे आणि घरचे भटजी आहेत.”

मुलगी टाइप करता करता थांबली. “बाबा, दॅट्स नॉट अ कमिटी. दॅट्स थँक्सगिव्हिंग डिनर.”

कमिटीनं वर्षभर विचार करून कळवलं, की प्रजा संतुष्ट आहे. एजंटानं उलट टपाली कळवलं, की मी स्वतः बघायला येतो. आणि मग त्या ट्रंकेत जी धावपळ निघाली, ती वाचताना मला कामाची रजा टाकून तिथेच बसावंसं वाटायला लागलं. दहा दिवसांत वाड्यापर्यंत रस्ता झाला. तो वेठीच्या माणसांनी केला. वेठ बंद झाली का हे बघायला साहेब त्याच रस्त्यानं आला, आणि त्याचं सामानही वेठीच्याच माणसांनी डोक्यावरून आणलं. त्याला ते दिसलं नसेल असं नाही. त्याचा तंबू वेळेवर उभा राहिला होता.

शाळाही निघाली. वाड्यामागच्या लिंबाखाली आमच्या वस्तीतली सोळा मुलं आणून बसवली. सोळा नव्या टोप्या शिवून घेतल्या. मास्तर म्हणून भटजींच्या पुतण्याला उभं केलं. त्यानं मुलांपासून किती हात लांब उभं राहायचं हेही हुकमात लिहिलेलं होतं. साहेबानं शाळा पाहिली, मुलांनी एकसुरात बाराखडी म्हटली, साहेब खूश झाला आणि दुसऱ्या दिवशी शिकारीला गेला. बिबट्या मिळाला. त्यानं वर कळवलं की संस्थानाची प्रगती समाधानकारक आहे.

पुढच्या शनिवारी मी ज्या कागदाला हात घातला त्यावर विषय होता, टोप्या परत घेण्याबाबत. साहेबांची स्वारी रवाना होताच मुलांच्या डोक्यावरच्या टोप्या उतरवून, मोजून, झटकून वाड्याच्या कोठीत जमा कराव्यात, पुढच्या खेपेला उपयोगी पडतील. खाली शेरा होता. पंधरा जमा झाल्या. एक मुलगा टोपीसह पळाला, शोध चालू आहे.

मी ते सलग वाचलं. नंतर पाणी प्यायले.

“मावशी, त्या मुलांची नेम्स आहेत का?” मुलीनं विचारलं.

“नाहीत. फक्त टोप्यांचा आकडा आहे.”

राजे म्हणाले, “त्या काळाच्या मानानं शाळा काढली हेच मोठं नाही का? आणि ताई, हा कागद टॉकमध्ये नको. कॉन्टेक्स्ट नसला की लोकांचा गैरसमज होतो.”

मी म्हटलं, “शाळा सांगणार असाल तर टोप्याही सांगा. नाहीतर दोन्ही सोडा.”

“अवश्य,” राजे म्हणाले. “कमिटीपुढे ठेवतो.”

मंडळाची कार्यक्रम कमिटी म्हणजे राजे, वहिनींचा मावसभाऊ, आणि राजेंच्या शेजारी राहणारे सेक्रेटरी. तीन आठवडे काही कळेना. मी ईमेल केली, अत्यंत गोड. तुमच्याबद्दल आदर आहे, तुमच्या उदार दृष्टीवर विश्वास आहे, त्यामुळेच निर्णयाला होणारा उशीर पाहून खेद होतो. पाठवल्यावर एकदा वाचून पाहिली, तर मी शुद्ध एजंटसाहेब झाले होते. फक्त बिबट्या मागायचा राहिला होता. उत्तरात राजेंनी माझ्या मोडीच्या ज्ञानाचं एक परिच्छेदभर कौतुक केलं आणि कळवलं, की हा संवेदनशील विषय पुढे कधीतरी स्वतंत्र सत्रात, तज्ज्ञ बोलावून, घेण्याचं कमिटीनं एकमतानं ठरवलं आहे. कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती.

कार्यक्रम एप्रिलमध्ये एका शाळेच्या कॅफेटेरियात झाला. बाहेर बर्फ पडत होता, आत दीडशे माणसं आणि बटाटेवडे. राजेंनी स्लाइड्स छान केल्या होत्या. पणजोबांचा तलवारीसह फोटो, एजंटाचं जिवलग मित्राचं पत्र, आणि मग लिंबाच्या झाडाचं एक चित्र, खाली ‘सर्वांसाठी शिक्षण’. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसून होते. उठून बोलावं असं वाटत होतं, पण उठले नाही. पुढे काय होईल ते मला माहीत होतं. लोक माझ्याकडे वळून बघतील, मग माझ्या आडनावाकडे, मग पुन्हा वड्याकडे.

प्रश्नोत्तरांत मागून हात वर झाला. राजेंची मुलगी होती.

“बाबा, त्या किड्सना कॅप्स दिल्या होत्या ना? त्यांचं नंतर काय झालं?”

राजेंनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “टोप्या? त्या... धुवायला घेतल्या होत्या.”

काही लोक हसले. मुलगी हसली नाही. “परत दिल्या का मग?”

“बेटा, आपण घरी बोलू.”

“मावशींना विचारू? त्यांनी ऑर्डर वाचलीय.”

मग मला उठावंच लागलं. मी त्या कागदातलं जसं आठवलं तसं सांगितलं, पंधरा टोप्या आणि पळालेला एक मुलगा, सगळं मिळून दोन मिनिटं. आमचे लोक कुठले तेही सांगितलं. मग सेक्रेटरी उठून म्हणाले, की वेळ कमी आहे, वडे गार होताहेत.

वड्यांच्या रांगेत एक काका माझ्या जवळ आले. “तुम्ही बोललात ते बरोबर आहे हो. पण इथे सातासमुद्रापार कशाला हे सगळं आणायचं?”

म्हटलं, “काका, ट्रंक मी नाही आणली.”

ते प्लेट घेऊन पुढे गेले. त्यांच्यामागे उभी असलेली एक नवीन मुलगी, नागपूरची, गेल्याच वर्षी इथे नोकरीला आलेली, माझ्याबरोबर बाहेरपर्यंत चालत आली आणि माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडायला लागली.

रविवारी मी वडिलांना व्हिडिओ कॉल केला आणि सोळाव्या मुलाबद्दल सांगितलं. आपल्यातलाच कुणी असेल का, असं विचारलं. वडील म्हणाले, “माहीत नाही. पण पळाला हे बरं झालं.”

राजेंचा फोन महिनाभर आला नाही. आला तो मुलीचा. ट्रंकेत अजून दोन बासनं होती आणि अख्ख्या मिनेसोटात मोडी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलीनं आधीच सांगून टाकलं, की प्रत्येक कागद आधी स्कॅन होईल, त्याची कॉपी मला मिळेल, मगच वाचन. बाबा काय म्हणाले, असं मी विचारलं. “ही सेड, लेट मी थिंक. मी म्हटलं, स्कॅनर ऑलरेडी घेतलाय.”

मी गेले. पहिला कागद एका कुंभाराचा अर्ज होता. त्याच्या भावाला तुरुंगात टाकून आठ महिने झाले होते आणि महाराज शिकारीहून परतलेले नव्हते, म्हणून निवाडा होत नव्हता. चहा राजेंनी स्वतः आणला, टेबलाशी ठेवला आणि जाता जाता थांबून विचारलं, “कुणाचा कागद आहे?”

मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. ऐकताना त्यांनी दोनदा फोन पाहिला, पण उठले नाहीत.