उदाहरणातली बाई

सक्करदऱ्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी वीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतो आहे. 'हू इज' गाळून वाक्य लहान कसं करायचं, याचं माझं उदाहरण ठरलेलं. 'द वूमन हू इज मेकिंग टी इज माय वाइफ.' मग फळ्यावरचं 'हू इज' खोडायचं. उरलं काय, तर चहा करणारी बाई माझी बायको आहे. नेमक्या त्याच वेळी आतून कपबशा वाजायच्या आणि पोरांच्या डोक्यात नियम पक्का बसायचा. मला ही फार हुशारीची पद्धत वाटायची.

बायकोने मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायला घेतलं होतं. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीत दोनदा नापास झाली. आता शेवटची संधी होती. इंग्रजीच्या मास्तराची बायको इंग्रजीत नापास, हे मोहल्ल्यात कुणी तोंडावर बोललं नाही, एवढीच माझी अब्रू. तिला आपण शिकवावं हे मला सुचलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते. शेवटी तीच वही घेऊन पोरांच्या मागे सतरंजीवर येऊन बसली.

मी सवयीने तेच वाक्य लिहिलं. तिने हात वर केला.

"सर, मी तर इथं बसून राहिली. मंग चहा कोण करून राहिलं?"

पोरं हसली. मी सांगितलं, परीक्षेत वाक्य बरोबर लागतं, खरं असायची गरज नाही. तिने तेही वहीत उतरवून घेतलं.

पेपर देऊन आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"तो नियम आला होता. सोताचं वाक्य लिहा म्हणे."

"काय लिहिलं?"

"द वूमन रायटिंग धिस पेपर इज माय वाइफ."

हा पेपर लिहिणारी बाई माझी बायको आहे.

"माय वाइफ काहून?" मी विचारलं.

"वीस वर्षं भिंतीआडून तेच ऐकून राहिली ना. हात आपोआप गेला. बाहेर आल्यावर ध्यानात आलं, तिथं मी पायजे होती. गेले का जी मार्क?"

मला फार वाईट वाटलं. पण मी मास्तर. म्हटलं, वाक्य बरोबर आहे.

ती पास झाली. म्हणजे तपासणाऱ्यालाही त्यात काही वावगं दिसलं नसावं.