उत्तराला लागणारा वेळ

मुंबई विमानतळाच्या काचेपलीकडून बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते. पासपोर्ट सांभाळ म्हणत असतील असं वाटून मी पर्स वर करून दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि शेवटी फोनच केला. "अडलीस तर सांग. लाजू नकोस." एवढंच बोलले. शेजारी आई डोळे पुसत होती, आणि फोन ठेवून बाबा तिला 'त्यात रडण्यासारखं काय आहे' म्हणाले असणार. आमच्या घरी कोणीही, कशासाठीही रडलं, तरी ते हेच म्हणायचे.

बाबांनी सांगलीत जन्मभर गणिताचे क्लास घेतले. फळ्यावर दोन ओळी लिहायच्या, तिसरीला 'हे उघडच आहे' म्हणून हातावरचा खडू झटकायचा आणि पुढे सुटायचं. प्रश्न विचारून होण्याआधी त्यांचं उत्तर तयार असे. मी त्याच घाईत वाढले आणि तीच घाई सामानाबरोबर घेऊन जपानात क्योतोला आले, सांकेतिक संदेशांच्या गणितात डॉक्टरेट करायला. संदेशाला कुलूप कसं घालायचं आणि दुसऱ्यानं घातलेलं कसं फोडायचं, हे दोन्ही यात येतं. मिरजेच्या मावशीला वाटतं मी हेरगिरी शिकते. मी दिवसभर गुणाकारांकडे बघत बसते हे तिला सांगायचा धीर होत नाही.

दर गुरुवारी आमची झेमी, म्हणजे चर्चेचा तास, असते. हातात एकही कागद न घेता फळ्यापुढे उभं राहायचं आणि आपलं काम ओळीनं मांडायचं. गेल्या वर्षी मी माझ्या प्रबंधातली सिद्धता अशीच मांडत होते. मधल्या एका ओळीला मी खडू झटकला आणि म्हटलं, हे उघडच आहे. आमचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, अगदी मृदू आवाजात म्हणाले, "नाझे?" का?

मला सांगता येईना. आपल्याकडे सर एक तर ओरडले असते किंवा वैतागून उत्तर सांगून मोकळे झाले असते. इथे दोन्ही नाही. सेन्सेई वाट बघत राहिले. बाकीचे विद्यार्थीही वाट बघत राहिले. कोणी खाकरलंसुद्धा नाही. तास संपला, सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या गुरुवारी मी पुन्हा त्याच ओळीपाशी. ही माणसं इतकी दुष्ट कशी असू शकतात, असं मला तेव्हा वाटायचं.

ती ओळ अजून सुटलेली नाही, आणि तिच्यावर सगळा प्रबंध उभा आहे. शिष्यवृत्ती मार्चपर्यंत आहे. पुढे जाता येत नाही, आणि काही हाती न घेता सांगलीला परत कुठल्या तोंडानं जायचं? खोली एवढीशी की अंथरुणात बसून कुकर बंद करता येतो. कचरासुद्धा चुकीच्या वारी ठेवला तर स्टिकर लावून तिथेच राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा. काही दिवस तर कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, मुलीला 'पिशवी नको' म्हणते तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं. देशाबाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल. मागे राहिलेल्यांना आपण मात्र चेरीच्या फुलांचे फोटो पाठवतो.

अशाच एका रविवारी आईनं फोनवर विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, मजेत.

"मजेत म्हणायला एवढा वेळ लागतो काय गं?"

मी हसण्यावारी नेलं, पण हादरले, कारण माझा विषयच तो आहे. संदेशाला कुलूप घालणाऱ्या यंत्राच्या पोटात एक गुपित आकडा असतो. तो एक आणि शून्य अशा खुणांनी लिहिलेला असतो. शून्य असेल तिथे यंत्र एकदा गुणतं, एक असेल तिथे दोनदा. त्यामुळे कुलूप फोडायची गरजच नाही, उत्तराला किती वेळ लागला ते नीट मोजलं तरी गुपित बाहेर येऊ शकतं. त्यावर उपाय असा की प्रत्येक ठिकाणी दोनदाच गुणायचं आणि नको असलेलं उत्तर फेकून द्यायचं. मग सगळीकडे सारखाच वेळ लागतो.

मी तोच उपाय आईवर केला. जेवलीस काय? एक श्वास. जेवले. थंडी आहे काय? एक श्वास. आहे. अभ्यास? एक श्वास. छान चाललाय. आई शंका घेईनाशी झाली. माझी युक्ती चालली आणि मला फार एकटं वाटलं.

दिवाळीनंतर एका रविवारी बाबा फोनवर आले. क्लासला मुलं किती आहेत, मी विचारलं. जरा थांबून म्हणाले, "आहेत." गुडघा कसा आहे? तेवढंच थांबून, "बरा." आधी वाटलं लाइन खराब आहे. पण आईचं बोलणं तर लगेच येत होतं. मग लक्षात आलं की बाबांचं प्रत्येक उत्तर सारख्याच वेळानं येतंय. प्रश्न संपायच्या आत बोलणाऱ्या माणसाचं!

"बाबा," मी म्हटलं, "अडलात तर सांगा. लाजू नका."

मागून आईचा आवाज आला, "अहो, द्या फोन इकडं." त्यांनी दिला नाही. मला दहा प्रश्न विचारावेसे वाटत होते. मी एकही विचारला नाही. गुरुवारी माझ्यासाठी सगळे थांबायचे तशी थांबले.

"जीभ... जड झाली," बाबा म्हणाले. "झटका आला... लहानसा. क्लास... बंद केला. तुझा अभ्यास... मोडेल, म्हणून..."

मी रडायला लागले.

"त्यात... रडण्यासारखं..."

पुढचे दोन शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. तरी मी ते म्हटले नाहीत. त्यांचे त्यांना सापडेपर्यंत ऐकत राहिले. मग मीही सांगून टाकलं. बाबा, मी मजेत नाही. वर्ष झालं, एका ओळीपाशी अडकले आहे.

अजून अडकलेलीच आहे. आत्ता सोडून आले तर प्रबंध गेला, नाही आले तर बाबांची जीभ माझ्यावाचूनच सुधारणार किंवा नाही सुधारणार. याला उपाय मला सापडलेला नाही. पण पूर्वी घर म्हटलं की सांगलीचा जिना, क्लासबाहेरच्या चपला, आईच्या आमटीचा वास असं काहीबाही आठवायचं. आता रविवारचा तो फोन आठवतो. त्यावर कोणाला किती वेळ लागतोय ते लपवावं लागत नाही.

हल्ली मी बाबांना माझी सिद्धता वाचून दाखवते. सगळं त्यांना समजत नसणार, पण ऐकतात. परवा मी त्या ओळीपाशी आले आणि सवयीनं बोलून गेले, हे उघडच आहे.

बराच वेळ पलीकडे काहीच नाही. मी थांबले.

"का?" बाबांनी विचारलं, आणि ते वाट बघत राहिले.