कुसळीचं कुंपण

माझे थोरले मामा कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचा पुसायच्या, वाळलेली पानं कागदाला चिकटवायची आणि प्राध्यापकांची बोलणी खायची. एवढ्याने माणसाला वेड लागायचं काही कारण नाही, पण मामांना लागलं, आणि तेही कुसळी नावाच्या रानगवताचं. गुलाबाचं लागलं असतं तर निदान घराला शोभा आली असती.

कुसळीच्या बीला पुढे टोक आणि मागे लांब, पिळलेला केस असतो. ओल लागली की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी आपोआप जमिनीत घुसतं. मामा हे जेवताना ताटाच्या कडेला पाणी शिंपडून दाखवत. मामी म्हणायची, "लोकांच्या खिशातून रुमाल निघतो, यांच्या खिशातून कुसळं. धुताना बोटं माझी फुटतात."

गावाभोवतालची कुसळी संपत संपत कॉलेजमागच्या उतारावर तेवढी उरली होती. कॉलेजला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. मामांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे प्राचार्यांनी लिहून दिलं, की कुसळी आहे तोवर उताराला हात लागणार नाही. मामांनी लगेच तारेचं कुंपण घातलं.

त्या उतारावर म्हातारबा नावाने ओळखला जाणारा मेंढपाळ शेळ्या चारायचा आणि उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटवून द्यायचा. मामांनी त्याला हाकललं. तो म्हणाला, "साहेब, या गवताला तोंडही लागतं आणि जाळही लागतो."

"गवत कसं राखायचं ते तू मला शिकवू नकोस," मामा म्हणाले. एरवी ते शाळकरी पोरांनाही अहो-जाहो करत.

आठ वर्षं तिथे काडी पेटली नाही. गवत कमरेइतकं उभं होतं, पण तुरे दरवर्षी कमी येत. मामा पावसाला नावं ठेवत राहिले.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजने उताराच्या तपासणीसाठी गवतांच्या जाणकार बाईंना बोलावलं. मी बरोबर होतो. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी वाळलेलं गवत बाजूला केलं. खाली काळोख होता, गवताचे ठोंब मुळापर्यंत कुजलेले. मधून मधून काटेरी झुडपं उठली होती. दुपारपर्यंत त्यांनी सगळा उतार पाहिला.

"इथे किती वर्षं आग लागली नाही?"

"आठ. एक ठिणगी पडू दिली नाही मी," मामा अभिमानाने म्हणाले.

बाईंनी एक कुजलेला ठोंब उपटून त्यांच्या हातात ठेवला. "त्याला उजेडच मिळाला नाही हो. जुनं जळलं किंवा चरलं गेलं, तरच नवा कोंब वर येतो."

"बी असेल की जमिनीत?"

"ते फार वर्षं टिकत नाही. मला 'कुसळी नाही' असंच लिहावं लागेल."

मामा तिथून तडक म्हातारबाच्या घरी गेले. मी मागोमाग होतो. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं. म्हातारबा दारात बसला होता.

"तुमचं ऐकायला हवं होतं," मामा म्हणाले. "उद्याच कुंपण काढतो. शेळ्या घेऊन या. एखादा ठोंब जिवंत असेलही."

म्हातारबाच्या आवाजात राग नव्हता. "शेळ्या विकून सात वर्षं झाली, साहेब. चारायला दुसरी जागा कुठे होती मला?"

त्याने मामांना आत बसवलं आणि पाणी दिलं.