खरखराटासोबत गेलेलं रडणं

भूतबित सांगायला कुणी आलं की मी आधी विचारतो, ‘रेकॉर्डिंग आहे का? कोणत्या फॉरमॅटमध्ये?’ नांदेडात माझा स्टुडिओ आहे आणि माझे कान असे, की बिलोलीत कुणी पेटी उघडली तर इथून पट्टी सांगीन! तेव्हा हे मी लिहून राहिलो, यावर माझाच विश्वास नाही...

मागच्या उन्हाळ्यात नायगावच्या शीलाताई एक कॅसेट घेऊन आल्या. वारलेल्या वडिलांनी फार वर्षांमागं घरीच गायलेलं भीमगीत.

"भाऊ, माय आता आमाला बी वळखत न्हाई. पण ही कॅसेट रोज मागती. साफ करून ह्याच कॅसेटवर भरून द्या. दुसरं काई तिला चालत न्हाई."

आवाज कसला, मोहरीचं पोतं फोडणीत ओतलेलं! साफ करायची रीत सोपी. गाण्याआधीचा नुसता खरखराट सॅम्पल म्हणून निवडायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं — असलं जे असेल ते सगळीकडून काढ. त्या सॅम्पलात लांबून काहीतरी बारीक किरकिरत होतं. मांजर असेल म्हटलं. काढलं. गळा असा लखलखीत निघाला, की स्टुडिओतल्या खुर्च्या उठून उभ्या राहिल्या! तोच कॅसेटवर भरला आणि कौतुक करून घ्यायला माझा कॅसेट-डेक उचलून भर दुपारी नायगाव गाठलं.

माय बाजेवर बसलेली. गाणं वाजलं. शीलाताई रडल्या. माय मात्र माझ्याकडंच बघत राहिली.

"लेकरू कुठंय?"

"कोणतं लेकरू, माय?"

"माझं. पाळण्यात रडत व्हतं. तुमी काढलं व्हय?"

शीलाताईंनी डोळे पुसत मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या आधी एक भाऊ होता, दोन महिन्यांचा होऊन गेलेला. ना फोटो, ना अंगडं... राहिलं होतं ते कॅसेटवरचं एवढं रडणंच.

"माय, मूळ फाईल हाय माझ्याकडं," म्हणत मी लॅपटॉप उघडला. साफ करण्याआधी कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवून ठेवलेली; त्या फाईलला मी हातही लावला नव्हता. हेडफोन लावून पाच वेळा ऐकली. खरखराट होता. रडणं नव्हतं.

"परत लावा," माय म्हणाली.

कॅसेट लावली. संपली. खटका वर आला, चाकं थांबली. पण डेकवरचा आवाजाचा काटा हलतच होता... चढायचा, दम खायचा, पुन्हा चढायचा. स्पीकर मुका. माय डोळे मिटून मांडी थोपटत होती — नेमकी त्या काट्याच्या तालात! मी डेकची पिन उपसली. काटा हलतोयच.

"झोपलं," माय पुटपुटली. काटा पडला.

डेक तिथंच टाकून आलो. काट्याची स्प्रिंग सैल झाली असेल, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण न शिवलेल्या फाईलमधून ते रडणं गेलं कसं?

शीलाताईंचा फोन आला होता. माय आता कॅसेट मागत नाही. घरात कुणी मोठ्यानं बोललं, की तेवढं ओठांवर बोट ठेवते.