मागच्या रांगेतला चेहरा

त्यांना सगळे ‘हलूनका’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘काका’. चाळीस वर्षांत स्टुडिओत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला त्यांनी हाच हुकूम सोडला होता. मग ते तान्हं बाळ असो नाहीतर पासपोर्टच्या फोटोसाठी धावतपळत आलेला साहेब. कॅमेऱ्याला डोळा लावून ते भिंगाची कडी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आणि समोरच्याच्या पापण्या मोजता येतील असा फोटो काढत. बाकी कशाचा नाही, पण या एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान.

नेमका तोच डोळा दगा देऊ लागला. कडेचं सगळं दिसे, पण रोखून बघावं तेच धुरकट होई. डावा डोळा लहानपणापासूनच अधू; कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर तो चालून जाई, कॅमेऱ्याच्या इवल्याशा खिडकीत नाही. डॉक्टर म्हणाले, “आहे तेवढं टिकवू. गेलेलं परत यायचं नाही.” काकांनी हे घरात सांगितलं आणि बाकी जगापासून लपवलं.

त्यांनी आपोआप फोकस करणारा कॅमेरा घेतला, पण तो पडला आपल्या मर्जीचा मालक. एका वाढदिवसाला त्याने आजोबांना सोडून टेबलावरची फुलदाणी पकडली आणि काकांना ते काढताना कळलंच नाही. आजोबांच्या सुनेने फोटो पाहिले, पाकिटात परत सारले आणि “छान आहेत” म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. त्या “छान आहेत”पायी काकांना दोन दिवस घास गोड लागला नाही.

मुलगी छापखान्यात पानं लावायचं काम करी. तिने ओळखीतून एक जुना कॅमेरा आणला. लांबट, चौकोनी, एखाद्या टॉर्चसारखा.

“बाबा, याला आधी फोकस करायलाच नको. कुठला प्रकाश कुठून आला तेही हा टिपून ठेवतो. नंतर कॉम्प्युटरवर जिथे टिचकी माराल तिथलं स्पष्ट होतं.”

“म्हणजे आधी गोळी झाडायची, मग नेम धरायचा?”

“तसं समजा हवं तर.”

“मग मी कशाला हवा? माकडाच्या हातात द्या.”

कॅमेरा कपाटात गेला. काकू यावर काही बोलल्या नाहीत. काकू बोलल्या नाहीत म्हणजे त्यांनी काहीतरी ठरवलेलं असे.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या शिवणकारखान्यात कटिंग मास्तरांचा निरोप समारंभ होता. कापड बेतण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. मशिनी बंद करून सगळे बेतायच्या लांबलचक टेबलाभोवती उभे राहिले. मालकांनी मास्तरांना फुलांचा गुच्छ दिला, काकांनी फोटो काढले. पिशवीत हात घातला तर तो टॉर्च हाताला लागला. काकूंचंच काम! “आता आलाच आहेस तर ये,” असं पुटपुटत त्यांनी त्यानेही दोन फोटो काढले.

घरी येऊन पाहतात तो काय, नेहमीच्या कॅमेऱ्यात गुच्छाचा चकचकीत कागद लख्ख आणि मास्तर धुक्यात. सगळ्या फोटोंची तीच गत. काकांचं तोंड एवढंसं झालं. मुलीने दुसरा कॅमेरा जोडला, फोटो उघडला आणि माउस त्यांच्या हाती दिला. त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्यावर टिचकी मारली. चष्म्याची दोरी, भुवईतला पांढरा केस, सगळं वर आलं.

“हं,” काका म्हणाले. एवढंच. पण खुर्ची पुढे ओढली.

मग त्यांना चाळाच लागला. गुच्छ, टेबलावरची कात्री, मालकांचा टाय. शेवटी मागच्या रांगेत खिडकीपाशी टिचकी मारली, तर तिथे काजवाली होती. बावीस वर्षं शर्टांना काजं करणारी, कधी कुणाशी चार शब्द जास्त न बोललेली बाई. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती मास्तरांकडे बघत रडत होती. डोळ्यांत आलेलं पाणी नव्हे, चेहरा पार विस्कटलेला. आपण कुणाला दिसत नाही अशा खात्रीने माणूस रडतं तसं.

काकांनी पटकन टिचकी मास्तरांवर आणली आणि तोच फोटो छापून दिला.

फोटो मालकांना फारच आवडला. त्यातली गंमतही त्यांच्या कानावर गेली. “काका, ती मूळ फाइलच द्या. शनिवारी सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवू. ज्याने त्याने आपापला चेहरा शोधावा!”

काका “बघतो” म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी काजवाली स्टुडिओच्या दारात उभी.

“काका, मागचंही दिसतं म्हणे त्यात?”

“दिसतं.”

“मला दाखवा.”

त्यांनी खुर्ची दिली, फोटो उघडला, खिडकीपाशी टिचकी मारली आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. ती म्हणाली, “एवढं दिसतं होय तोंडावर?”

काका भिंतीवरची चौकट सारखी करू लागले.

“आले तेव्हा मला सरळ टीपही घालता येत नव्हती. मास्तर माझे बिघडलेले शर्ट आपल्या टेबलाखाली लपवायचे, सुट्टीत उसवून द्यायचे. कुणाला कधी कळू दिलं नाही. मालकांना नाही, घरच्यांनाही नाही. लोक भलतंच काहीतरी जोडतील हो.”

“उठा,” काका म्हणाले. “निश्चिंत जा.”

संध्याकाळी ते कारखान्यात गेले आणि मालकांना सरळ सांगितलं, “फाइल माझ्या हातून पुसली गेली.” ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक निगेटिव्ह हरवली नव्हती, त्याने हे सगळ्या मशिनींसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं. मालक हळहळले. काका वळल्यावर मुनीमजींकडे बघून म्हणाले, “थकले आता काका.” काकांचे कान चांगले शाबूत होते. पण ते मागे वळले नाहीत. काजवालीने काजावरची मान वर केली नाही. मशीन मात्र मध्येच थांबलं होतं.

घरी येऊन त्यांनी फाइल खरोखर पुसली.

आठवड्याने ती पुन्हा आली, धुतलेली साडी नेसून. “माझा एक चांगला काढाल? कामावरचा. बावीस वर्षांत एक नाही.” काका भर दुपारी कारखान्यात गेले, तिच्या मशीनशेजारी उकिडवे बसले आणि टॉर्चने सात-आठ फोटो काढले. पडद्यासमोर तिलाच बसवून विचारलं, “नजर कुठे टेकवू? चेहऱ्यावर की हातांवर?” तिने विचार करून बोट ठेवलं, सुईखालच्या कापडावर, अर्ध्या झालेल्या काजावर. चेहरा मागे मऊसर राहिला. कॅमेऱ्याचे फोटो फार मोठे छापता येत नसत, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या दोन प्रती काढल्या. एक तिने घरी नेली, एक मास्तरांना पाठवली.

त्यानंतर काका येईल त्या गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी बसवून तोच प्रश्न विचारू लागले. काकूंनी एकदा छेडलं, “थकलात म्हणे तुम्ही?”

“थकलोय तर,” काका चष्मा पुसत म्हणाले. “चहा टाका.”