इंजिनावरची खपली

आमच्या दाजींसमोर 'गाडी गळते' म्हणायची सोय नव्हती. लगेच भडकायचे. "गळायला ती काय पाण्याची टाकी आहे? वय झालंय तिचं, घाम येतो!" दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांना सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं, तेही त्याच एका व्हॅननं.

आणि घाम तरी केवढा! पुठ्ठा भिजायचा. सकाळी उठले की दाजी आधी गाडीखालचा पुठ्ठा ओढून डाग बघणार, मग तोंड धुणार. ताई फणकारायची, "माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का हो?" दाजी म्हणायचे, "तू कुठे गळतेस?" आणि ऑइलचा डबा घेऊन सटकायचे.

मिस्त्रींनी केव्हाच हात टेकले होते. इंजिनाचं पुढचं झाकणच वाकलेलं, त्यामुळे पॅकिंग कितीदा बदललं तरी तेल वाट काढायचंच. तसलं झाकण आता कुठे मिळत नव्हतं. पण हळूहळू तेल आणि धूळ मिळून त्या फटीवर काळा घट्ट थर बसला आणि थेंब पडायचे जवळपास थांबले, इंजिन नुसतं ओलसर राहायचं. मिस्त्रींनी माझ्यादेखत दाजींना बजावलं, "ही खपली आहे. हिला अजिबात हात लावायचा नाही. हिच्याच जिवावर गाडी चाललीय."

यंदा गाडीची तपासणी आली. नियम साधा होता. इंजिन ओलसर असलं तर चालतं, खाली थेंब पडला की गाडी बाद. दाजींची झोप उडाली. गाडी गेली तर या वयात त्यांना दुसरा कोण स्टिअरिंगवर बसवणार? दुसरं काही येत नव्हतं हो त्या माणसाला.

तपासणीच्या आदल्या दिवशी दाजी दाढी करायला गेले आणि इकडे ताईनं पदर खोचला. इंजिनावरची सीट उचलली, रॉकेल घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि इंजिन घासघासून चकचकीत केलं. मी पोचलो तेव्हा खपलीचा मागमूस नव्हता. ताईचे हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा असा फुललेला! "साहेबासमोर मळकी गाडी न्यायची म्हणजे काय? लाज आहे की नाही?"

तेवढ्यात दाजी आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हटलं, आता उडणार भडका.

"लख्ख केलीस की गं," दाजी म्हणाले. "जा, आधी हात धू, आग होईल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि गाडीखाली पांढरा कागद सरकवला. थेंब पडला. मग पडतच राहिले. दाजी काकुळतीला आले, "घाम आहे हो साहेब, वय झालंय तिचं."

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "काका, तुम्हीच बघा."

दाजी गुडघ्यावर बसले. "हो," ते म्हणाले, "गळतेय."

गाडी भंगारात देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी नुसता धुमसत होतो. घरी जाऊन ताईला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच निघालो होतो. दारापाशी दाजींनी माझं मनगट धरलं. "खपलीबद्दल तिच्यापाशी चकार शब्द काढायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

ताई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून नवऱ्यावरच उखडली. "मी कधीची सांगत होते, गाडी जरा स्वच्छ ठेवा! वेळेवर घासली असती तर आज ही पाळी आली नसती. पुढची गाडी मी पहिल्या दिवसापासून रोज घासणार, सांगून ठेवते."

पुढची गाडी कुठली यायला!

"हो गं," दाजी म्हणाले. "माझंच चुकलं."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.